आठ रेघांचा बोर्ड

पेंटरच्या घरात चार दिवस सगळे आडवे चालत होते. पुढच्या खोलीत स्टेडियमचा बोर्ड उभा होता. बारा फूट लांब, पाच फूट उंच, दुकानात मावला नाही म्हणून घरी आणलेला. त्याच्यामागे स्वयंपाकघराचं दार निम्मं गेलं होतं आणि सासूबाईंची खिडकी सगळीच गेली होती. पोट आत ओढून फटीतून जायचं आणि चहाची कपबशी डोक्यावर धरून परत यायचं, हे बायकोला आता सरावाचं झालं होतं.

"अहो, हे धूड जाणार कधी?"

"रविवारी उद्घाटन आहे. स्टेडियमच्या मुख्य दारावर लागणार. अध्यक्ष स्वतः पडदा ओढणार आहेत."

"मग रंगवा की पटापट!"

"काय रंगवू? मजकूर कुठाय?"

मथळा तेवढा रंगवून झाला होता. 'आपला राष्ट्रीय फुटबॉल संघ : आंतरराष्ट्रीय विजेतेपदे.' त्याच्याखाली सुताराने आठ रेघा कोरल्या होत्या आणि प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला एकेक पितळी तारा ठोकला होता. आठ तारे, आठ रेघा आणि पुढे सगळा पांढरा रंग. यादी आज देतो, उद्या देतो, असं करत स्टेडियमच्या सेक्रेटरींनी चार दिवस काढले होते.

इथे पेंटरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बत्तीस वर्षांत त्याने बोर्डावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. एका लाँड्रीवाल्याने 'शहरातील सर्वोत्तम लाँड्री' असं लिहायला सांगितलं, तेव्हा याने स्वतःचा हरवलेला शर्ट आठवून 'शहरातील एक लाँड्री' असं लिहून दिलं. लाँड्रीवाला महिनाभर बोलला नाही. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात तो बारीक सही करायचा, आणि ती सही म्हणजे त्याची सगळी इस्टेट. चेष्टा करणारे पुष्कळ होते, पण सहीखाली खोटं दाखवा म्हटलं की गप्प बसायचे.

पाचव्या दिवशी तो वैतागून स्टेडियमच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी टेबलामागे कपाळ धरून बसले होते.

"साहेब, यादी."

"लिहून घ्या," सेक्रेटरी खोल आवाजात म्हणाले. "किनारपट्टी चषक, विजेते. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं साल टाका."

पेंटरने लिहून घेतलं. पेन्सिल तशीच धरून तो वाट बघत राहिला. पंखा फिरत होता.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"म्हणजे? आठ रेघा आहेत साहेब! आठ तारे ठोकलेत!"

"ते मला दिसत नाही का?" सेक्रेटरी उखडले. त्यांनी खणातून पत्र काढून त्याच्यासमोर टाकलं. मुख्य कार्यालयाचं पत्र, खाली अध्यक्षांची सही. राष्ट्रीय संघाच्या एकूण आठ आंतरराष्ट्रीय विजेतेपदांचा फलक लावावा, यादी सोबत जोडली आहे. "यादी जोडलेलीच नाही. आकडा वाचला आणि सुताराला सांगून टाकलं. कपाटात बघतो तर कप एकच!"

"मग वर फोन करा. बाकीची सात कुठली ते विचारा."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही नोकरी केलेली नाही, म्हणून असं बोलता. वर विचारलं की वर कळतं, खाली माहीत नाही."

"पण नाहीच आहे ना माहीत!"

"म्हणून तर विचारायचं नाही. सात ओळी आपणच भरू. बसा."

आणि मग त्या गृहस्थांनी भरायला सुरुवात केली. पहिल्यांदा एका स्पर्धेतलं उपविजेतेपद काढलं. "लिहा, उपविजेते. 'उप' जरा लहान अक्षरात घ्या."

"किती लहान?"

"दिसणार नाही इतकं."

त्यानंतर एक सामना निघाला, ज्यात समोरच्या संघाची बस रस्त्यात बंद पडली आणि ते आलेच नाहीत. ते झालं 'बिनविरोध विजेते'. मग एकदा विमान रद्द झालं म्हणून विमानतळाच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या एका देशाच्या वेटलिफ्टरांशी फुटबॉल खेळले होते, ते आठवलं. तीन-दोनने जिंकले होते. "आंतरराष्ट्रीय आहे की नाही? आहे!" मग सर्वांत शिस्तबद्ध संघाचं प्रमाणपत्र. ते का मिळालं होतं, तर आपली पोरं अख्ख्या स्पर्धेत चेंडूच्या इतक्या जवळ गेलीच नव्हती की कुणाला धक्का लागावा. पेंटरचे कान तापायला लागले होते. सहाव्या ओळीला त्याची पेन्सिल थांबली.

"काय म्हणालात?"

"नाणेफेक. एका स्पर्धेत लागोपाठ सहा नाणेफेकी जिंकल्या होत्या आपण. विक्रम असणार तो."

"आणि सामने?"

"सामन्यांचं कोण विचारतंय?"

"साहेब, खाली माझी सही असते!"

"मग करा की सही, कोण नको म्हणतंय? नसेल जमत तर तो स्टिकर छापणारा आहे. त्याला कागद दिला की तासाभरात काढून देतो, वाचतसुद्धा नाही."

हे मात्र पेंटरला फार लागलं. उरलेल्या दोन ओळी सेक्रेटरींनी स्वतःच खरडल्या, तसा तो कागद खिशात कोंबून तरातरा घरी आला आणि बोर्डासमोर उभा राहून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागला. बायको फटीतून डोकं काढून ऐकत होती. "वेटलिफ्टर! नाणेफेक! बत्तीस वर्षं सांभाळलेली सही मी नाणेफेकीखाली करू? हद्द झाली!"

बोर्डाच्या मागून, खिडकीच्या बाजूने, एकदम आवाज आला.

"काय लिहिताय राष्ट्रीय संघाच्या नावावर?"

सासूबाई पलंगावर बसून कुठल्याशा स्वेटरची बाही उसवत होत्या. चार दिवस खिडकी गेली तरी त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आता मात्र त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून बोर्डापुढे आल्या आणि कागद जावयाच्या हातातून ओढून घेतला. वाचता वाचता त्यांचं नाक लाल झालं.

"सात वेळा जिंकलो आम्ही. सात! पावसात, चिखलात, उसन्या बुटांत! आणि बोर्डावर नाणेफेक?"

पेंटर बघतच राहिला. "आम्ही म्हणजे कोण?"

"राष्ट्रीय संघ! बायकांचा! मी कॅप्टन होते!"

"अहो, लग्नाच्या वेळी सांगितलं होतं ना तुम्हाला," बायको फटीतून म्हणाली. "आई खेळायची म्हणून."

"मला वाटलं पत्ते!"

सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो अर्धं पाऊल मागे सरला आणि बोर्डाला धडकला. तरी माणूस तत्त्वाचा. घाबरत घाबरत का होईना, म्हणालाच, "आई, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण बोर्डावर लिहायचं म्हणजे... काहीतरी पुरावा..."

"पुरावा पाहिजे? बत्तीस वर्षं तुम्ही ब्रश कशात बुडवताय, जावईबापू?"

खोलीत टर्पेंटाइनचा वास दरवळत होता. कोपऱ्यात तो दोन कानांचा जाड डबा होता, लग्नानंतर सासूबाईंनीच दिलेला. बत्तीस वर्षांच्या रंगांची त्यावर पुटं चढली होती. पेंटरने ब्रश बाहेर काढले, डबा मांडीवर घेतला आणि खरवडायची पट्टी चालवली. वरचा निळा शाळेचा होता, त्याखालचा हिरवा दवाखान्याचा, मग लाँड्रीचा पिवळा. त्याखाली पितळ लागलं आणि पितळावर अक्षरं निघाली. 'सप्तराष्ट्र चषक. महिला विभाग. विजेते.' खाली देशाचं नाव आणि साल.

"अक्षर काय सुरेख आहे," पेंटर हळूच म्हणाला.

"अक्षराचं राहू द्या!"

"पण आई, हा कप घरी कसा? आणि मला दिलात, ब्रश ठेवायला?"

"स्टेडियमवर घेऊन गेले होते मी. म्हणाले, कपाटात जागा नाही, तुमच्याकडेच ठेवा. दुसऱ्या वर्षी दुसरा जिंकून नेला, तरी जागा नाही. सातही वेळा जागा नाही! शेवटी एकेकीने एकेक घरी नेला. दहा वर्षं मी रोज पुसत होते. कुणी विचारलं नाही, कुणी बघायला आलं नाही. म्हटलं, निदान कुणाच्या उपयोगी तरी पडेल." बोलता बोलता त्यांनी कपाच्या कानावर राहिलेला रंग नखाने खरवडला. आणि लगेच फोन उचलला.

पुढचा अर्धा तास घरात दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नव्हती. "हॅलो, गोलकीपर का? मी कॅप्टन. तुझा कप आहे ना? ... कपड्यांचे चिमटे? ओत खाली. खाली काय लिहिलंय ते वाच." "हॅलो, डावी बाजू? ... छत्र्या? सगळ्या काढ आणि वाच मोठ्याने." एकीच्या कपात मनीप्लांट लावलेला होता. एकीचा कप दार आपटू नये म्हणून अडकवलेला होता. पेंटर एकेक साल, एकेक स्पर्धा लिहून घेत होता. सहा फोन झाले तेव्हा कागदावर सात ओळी होत्या आणि किनारपट्टी चषक धरून बरोबर आठ. त्याने बोर्डाकडे पाहिलं. आठ तारे, आठ रेघा. सुताराचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आनंदाने ऑफिसात गेला. भाबडा माणूस, त्याला वाटलं सेक्रेटरी मिठी मारतील.

"बायकांचं चालत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"का?"

"तो महिला संघ. बोर्ड राष्ट्रीय संघाचा आहे."

"मग त्या कुठल्या राष्ट्राकडून खेळल्या?"

"मुद्दा तो नाही. बायकांचं धरायचं असेल तर वरून लेखी मंजुरी लागेल."

"मग मागवा."

"परत तेच! वर विचारायचं नसतं म्हणून सांगितलं ना? काल दिलेली यादी रंगवून शनिवारी बोर्ड आणा. नाहीतर स्टिकरवाल्याला बोलावतो."

पेंटरने दोन्ही खिसे चाचपले. खऱ्या सात ओळी एका खिशात होत्या, नाणेफेक दुसऱ्या खिशात. बोर्ड सोडला तर सही वाचत होती, पण मग स्टिकरवाला वेटलिफ्टर चिकटवून मोकळा झाला असता आणि सासूबाईंच्या नावाचा पुन्हा कुणी उच्चारही केला नसता. "आठही ओळी भरून आणतो," तो म्हणाला, आणि हे काही खोटं नव्हतं.

शनिवारी बोर्ड कापडात गुंडाळून स्टेडियमच्या दारावर चढला. सेक्रेटरी कापडाचं टोक उचलायला गेले तसा पेंटर ओरडला, "अहो, हात नका लावू! रंग ओला आहे, अक्षरं कापडाला लागतील!" रंग दोन दिवसांपूर्वीच वाळला होता. पण त्याचा नियम लिहिण्यापुरता होता, तोंडी बोलण्याबद्दल त्याने कधी काही ठरवलं नव्हतं.

रविवारी सकाळी दारावरच्या रखवालदाराने पेंटरला अडवलं. त्याच्यामागे साठी-सत्तरीच्या सात बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात दोन कानांचा एकेक कप आणि कपात एकेक ब्रश.

"आमंत्रण आहे का यांना?"

"माझी माणसं आहेत. शेवटचा हात मारायचाय."

"आणि हे काय हातात?"

"रंगाचे डबे," गोलकीपर गुरगुरली. ती अजूनही दाराइतकी रुंद होती. रखवालदार बाजूला झाला.

अध्यक्षांनी पडदा ओढला. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी खिशातून भाषण काढलं, बोर्डाकडे एक नजर टाकली आणि भाषण परत खिशात गेलं. अध्यक्ष मोठ्याने वाचत होते, "किनारपट्टी चषक... सप्तराष्ट्र चषक, महिला... मैत्री चषक, महिला... वा! महिला... महिला..." सेक्रेटरी पेंटरकडे असे बघत होते, की नजरेने माणूस रंगवता आला असता तर तो काळाकुट्ट झाला असता.

"आठ!" अध्यक्ष वळले. "बरोबर आठ! सेक्रेटरी, कमाल केलीत! कुठून मिळवलीत ही यादी?"

"म्हणजे साहेब... आपण पत्रात..."

"अहो, आमच्याकडे कुठे होती यादी!" अध्यक्षांनी त्यांना बाजूला ओढलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "जुन्या अहवालात नुसता आकडा सापडला, आठ म्हणून. ती आठ कुठली, हे एकालाही ठाऊक नाही. आता तुम्हाला विचारावं, तर खाली कळणार की वर माहीत नाही. म्हणून लिहून टाकलं, यादी सोबत जोडली आहे. म्हटलं, खालची माणसं काढतील शोधून."

सेक्रेटरींचा चेहरा क्षणात पालटला. "रात्रंदिवस संशोधन केलं साहेब," ते नम्रपणे म्हणाले. "बायकांचा इतिहास म्हणजे माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय."

सासूबाईंच्या तोंडून असा एक आवाज निघाला, की पुढच्या रांगेतल्या खुर्च्या वळल्या. त्यांनी कपातला ब्रश काढून गोलकीपरच्या हातात दिला आणि सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"संशोधन? यांना विचारा, यातला एक तरी कप कपाटात आहे का!"

"कप कुठायत, सेक्रेटरी?" अध्यक्ष म्हणाले.

सेक्रेटरींनी भाषणाचा कागद पुन्हा बाहेर काढला. मागून सहा बायका पुढे आल्या. सात पितळी कप टेबलावर ओळीने ठेवले गेले. सगळे घासून लख्ख केलेले, फक्त एकाला टर्पेंटाइनचा वास येत होता. मग अध्यक्षांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि या वेळच्या टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. डावी बाजू पदराने डोळे पुसत होती. सासूबाई मात्र ताठ उभ्या होत्या, चाळीस वर्षांचा राग इतक्यात थोडाच उतरतोय?

"आठवाही आणा!" अध्यक्ष उत्साहाने म्हणाले. "आठही एकत्र ठेवून फोटो काढू."

सेक्रेटरी पळत गेले, किनारपट्टी चषकातल्या टाचण्या आणि रबरस्टँप खणात ओतले आणि कप आणून मधोमध ठेवला. फोटोग्राफर सरसावला. सगळे हसून उभे राहिले. पेंटर हसत नव्हता. तो त्या कपाकडे टक लावून बघत होता.

"काय झालं हो?" गर्दीतून पुढे आलेल्या बायकोने विचारलं.

"अक्षर मध्यावर नाहीये," पेंटर पुटपुटला. "'विजेते' उजवीकडे सरकलंय. असं कोणी कोरत नाही. डावीकडे जागा कशाला सोडली?"

डावीकडे एक पिवळं पडलेलं लेबल चिकटवलेलं होतं. 'सामान क्रमांक ४', खाली सेक्रेटरींची तरुणपणीची सही. पेंटरने खिशातून खरवडायची पट्टी काढली. "अहो, काय करताय, सरकारी लेबल आहे ते!" असं सेक्रेटरी म्हणेपर्यंत लेबल निघालं होतं. त्याखाली, इतर अक्षरांइतक्याच मोठ्या, इतक्याच सुरेख अक्षरांत, 'उप' होतं.

अध्यक्षांनी वाकून वाचलं. सेक्रेटरींनी वाकून वाचलं. गोलकीपरला वाकायची गरज पडली नाही, तिला लांबूनच दिसलं होतं आणि हसू आवरत नव्हतं.

पेंटर मात्र पांढराफटक पडला. त्याने मान वर करून बोर्डाकडे पाहिलं. पहिली ओळ, किनारपट्टी चषक, विजेते. आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्याची सही. "बत्तीस वर्षं," तो म्हणाला, "बत्तीस वर्षांत एक अक्षर... सगळ्या कपांचे पुरावे घेतले, आणि हा एक ऑफिसने सांगितला म्हणून तसाच लिहिला! शिडी! शिडी आणा कुणीतरी!"

"अहो, राहू द्या," सेक्रेटरी कळवळून म्हणाले. "एवढ्या वर कोण वाचतंय? आणि लिहायचंच असेल तर जरा लहान..."

सासूबाईंनी टेबलावरून आपला कप उचलला, गोलकीपरकडून ब्रश घेऊन त्यात ठेवला आणि जावयापुढे धरला.

"घ्या, जावईबापू. आणि लहान नको हं. दिसेल असं लिहा."

पेंटर वर चढला. शिडी सेक्रेटरींनी धरली.